थोरलीचा टाक

वाशीम, २५ ऑक्टोबर २०२५

भाऊ,

तू माझा फोन उचलत नाहीस. शिवमला लावला तर तो म्हणतो, "आत्या, पप्पा झोपलेत." सकाळी लावला तरी झोपलेत, भरदुपारी लावला तरी झोपलेत. कोंबड्याच्या आधी गोठ्यात जाणारा माझा भाऊ पुण्याला पोराच्या घरी गेल्यावर इतका झोपाळू झाला असेल, यावर माझा विश्वास नाही. म्हणून पत्र लिहिते. पत्राला कोणी झोपलेत म्हणून सांगू शकत नाही. यंदाची भाऊबीज तर तशीच गेली.

सरळ सांगते. रुपाबाईच्या विरोधात ठाण्यात दिलेला अर्ज मागे घे.

अर्जात तू लिहिलंस की दिवाळीच्या साफसफाईला आलेल्या या बाईनं देवघरातला चांदीचा टाक पळवला आणि त्या जागी गुळगुळीत पत्रा आणून ठेवला. मी त्या दिवशी तुझ्याकडे अनसिंगलाच होते. रुपाबाईनं माळे झाडले, भिंती पुसल्या, तांब्या-पितळेची भांडी काढली. शेवटी देवघर. देव घासूनपुसून पाटावर मांडले तेव्हा थोरल्या आईचा टाक तू हातात घेतलास. त्यावर डोळे नव्हते, ओठ नव्हते, नाकाच्या जागी भोक. तू तो तळहातावर घेऊन खाली बसलास. मग उठून अंगणात आलास आणि आळीतली सगळी दारं उघडी असताना एकच शब्द बोललास. चोर.

तुझं काय गेलं ते मला कळत नाही असं समजू नकोस. तुला जन्म देऊन थोरली गेली. तिचा फोटो नाही. यमाला तुझी हाव सुटू नये म्हणून तुला उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उकंडा. पुढे बाबांनी माझ्या आईशी, सोजरबाईशी, लग्न केलं. रीतीप्रमाणे मेलेल्या सवतीचा टाक घडवून देवात बसवला. त्याला आंघोळ घातल्याशिवाय दुसरीनं घास तोंडात घालायचा नाही. आई म्हणून तुझ्याकडे होता तो हा अंगठ्याएवढा चेहरा. तो गेला.

मी त्या वेळी म्हणाले, "सोनाराकडं एकच ठसा असतो भाऊ, अख्ख्या तालुक्यातल्या मेलेल्या बायांना तेच तोंड!" लोकांसमोर म्हणाले. तू म्हणालास, "माह्या घरातून निघ." मी निघाले. ते वाक्य मी मागे घेत नाही, कारण ते मला खरं वाटतं. जगभरची पुस्तकं वाचली ती खरं बोलायला भ्यावं म्हणून नव्हे.

पण चोर ही वेगळी गोष्ट आहे. हाताच्या जोरावर पोट भरणाऱ्या बाईला लोक घराची किल्ली देतात ती तिच्या नावावर. नाव गेलं की हात धडधाकट असून लुळे. अनसिंगात आता तिला कोणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. तिच्या बंजारा तांड्यावरच्या दुसऱ्या बायांनाही विचारतात, "त्याच तांड्याची ना तू?" घरकामं मिळाली तेव्हापासून रुपाबाई ऊसतोडीला जात नव्हती, पोरीची, निताची, शाळा मोडू नये म्हणून. यंदा निता बारावीला आहे. तिच्या नवऱ्याची, धनराजची, टोळी निघायची आहे आणि या खेपेला रुपाबाईचं गाठोडंही ट्रकमध्ये चढणार, पोरीसकट. गाव सोडून जाणारी बाई चोर म्हणून जाईल, आणि परत येईल तेव्हाही चोरच असेल.

तू त्या दिवशी विचारलंस, घरकामाच्या बाईला आमच्या देवघरात शिरायचं काय कारण? या प्रश्नाचं उत्तर ठाण्यात सापडणार नाही. तुझ्या घरातच शोध.

उज्ज्वला

*

वाशीम, ३० ऑक्टोबर

भाऊ,

आज मी भांडायला बसलेली नाही. मी जे पाहिलं ते तुला जसंच्या तसं सांगायचं आहे.

परवा वहिनी एस.टी.नं माझ्याकडे आली. पदराच्या गाठीत टाक. म्हणाली, "यायले सांगू नोका. पन ह्या टाकाचं काय झालं ते कोनाले तरी इचारा, मले रात्रंदिवस घास गोड लागत नाई." (तरी तुला सांगतेय, तिचा राग माझ्यावर राहू दे.) आम्ही दोघी मंगरूळपीरला गेलो, बबनराव सोनाराकडे. तुझ्या मायचा टाक त्याच्या वडिलांनी घडवला होता, हे वहिनीनं माझ्या आईच्या तोंडून ऐकलेलं.

बबनरावनं डोळ्याला भिंग लावलं आणि आधी टाकाची कड पाहिली. समोर चांदीचा पत्रा, पाठीला तांब्याचा, आणि चांदीची कड दुमडून तांब्यावर बसवलेली. म्हणाला, "ही दुमड माह्या बापाची हाये. त्याची सवय होती, कड अशी तिरपी दाबे. कोनी हात लावला असता तं दुसरा वळ दिसला असता. टाक तोच हाये, ताई. कायची चोरी अन् कायचं काय."

मी विचारलं, "ठसा तर एकच असतो ना सगळ्यांना?"

तो हसला. "ठसा देवाचा असते. खंडोबा पायजे, ठोकला ठसा. सवतीच्या टाकाले माहा बाप ठसा घेत नोता. हातानं उठवे. म्हने, मानसाले मानसाचं तोंड पायजे."

"म्हणजे हा चेहरा तिचाच?"

"ते म्या कसं सांगू? म्या त्या माउलीले पाह्यलं नाई. बापानं पाह्यली होती का, तेबी मालूम नाई."

 वहिनीनं तेव्हा माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या दिवाळीपर्यंत पुरेल.

मग त्यानं टाक उघडला. कड सावकाश सरळ केली, तांब्याचा पत्रा उचलला. आत भरलेली लाख सुकून भुगा झाली होती, ती त्यानं ब्रशनं झाडली. आणि चांदीचा पत्रा उलटा करून दाराच्या उजेडात धरला.

भाऊ, ती आत होती.

बाहेरून झिजले ते नुसते उंचवटे. आतली बाजू कोणाच्याच हाताला लागलेली नाही. घडवताना ठोकलेला प्रत्येक खळगा तसाच. भुवया, पापण्या, जरासा दाबलेला खालचा ओठ, कानातली फुलं. मी पाहायला डावीकडे सरकले. तिनं माझ्याकडे मान वळवली. मला वाटलं घेरी आली. मी उजवीकडे झाले, ती उजवीकडे वळली. वहिनी माझ्या मागून पुढे आली आणि एकदम "अवं माय" म्हणून तोंडावर हात ठेवला, कारण ती वहिनीकडेही पाहत होती.

"तसंच दिसते," बबनराव म्हणाला. "खोलगट तोंड मानसाच्या मांगं फिरते. माहा बाप लहानपनी आमाले दाखवे."

याचं कारण मला ठाऊक आहे. आपला मेंदू खोलगट चेहरा मानायला तयार नसतो, खळग्यालाही उंचवटाच समजतो, म्हणून तो आपल्याबरोबर वळल्यासारखा दिसतो. हे मी वाचलेलं आहे, चमत्कारांच्या विरोधातल्या सभांमध्ये उदाहरण म्हणून सांगितलेलं आहे. चमत्कार मी आजही म्हणणार नाही. पण कारण माहीत असूनही मी पुन्हा पुन्हा डावीकडे-उजवीकडे होत राहिले, आणि ती दर वेळी वळून बघत राहिली. नाकाच्या भोकातून मागचा उजेड चमकत होता. वहिनी हळूच म्हणाली, "नथ घातली बाईनं." मग आणखी हळू, तुझ्याबद्दल, "हनुवटी यायचीच हाये."

आता ऐक, हे जास्त महत्त्वाचं आहे. बबनरावनं बाहेरची बाजू पुन्हा भिंगाखाली घेतली. तारेच्या घासणीचे ओरखडे वरवरचे, ताजे आहेत. रुपाबाईनं काळवंडलेला टाक उजळावा म्हणून घासला, ते तेवढेच. नाकाचा शेंडा आधीच कागदासारखा झाला होता, तो तिच्या हातात गेला. बाकीचा चेहरा फार आधी गेलाय. "हे बोटाचं झिजनं हाये," तो म्हणाला. "अंगठ्याचं. कपाळावरून खाली हनुवटीवर. एकाच हाताचं, वर्षानुवर्षं."

तो हात तुला ठाऊक आहे, मलाही. आईचा. रोज सकाळी चिंचेचा कोळ आणि राखेची चिमूट, अंगठा कपाळावरून हनुवटीपर्यंत, मग पाणी, मग कुंकू, आणि त्यानंतर आईचा पहिला घास. आजारी असायची तेव्हा मला टाक अंथरुणाजवळ आणायला लावायची. लग्न होऊन आल्या दिवसापासून जाईपर्यंत एक बाई आपल्या सवतीचं तोंड धूत राहिली, इतकं की ते पुसून गेलं. बाहेरून चेहरा विरत गेला तसा तो आपल्याला कोणालाच दिसला नाही, कारण आपण रोज पाहत होतो आणि पाहत नव्हतो. आई गेल्यावर टाक काळा पडला, आणि काळ्यावर डोळे-नाक असतील असं आपण धरून चाललो.

मायेनं झिजवला की रागानं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आई म्हणाली असती, "जास्ती शायनी होऊ नोको, चुलीवरचं दूध पाय."

फोटो काढलाय, पण पाठवत नाही. फोटोत ती वळत नाही. तुला यावं लागेल.

उज्ज्वला

*

वाशीम, ४ नोव्हेंबर
(हे कुरिअरनं पाठवते आहे, पोस्टावर विसंबायला वेळ नाही.)

भाऊ,

काल तांड्यावर गेले. नाईक धरमसिंग खाटेवर बसले होते. तांड्याचा तंटा त्यांच्या अंगणात मिटतो, हे तुला माहीत आहे. मला पाहून म्हणाले, "या ताई. भाषन हाये का? तसं असन तं सतरंजी टाकतो."

मी म्हटलं, भाषण नाही, एक विनंती आहे. टाक बदललेला नाही हे सिद्ध झालंय, मी ठाण्यात सोनाराला घेऊन जाते, अर्ज निकाली निघेल.

"निघन," ते म्हणाले. "कागदावरचं कागदावर निघन. पन तुमच्या भावानं चोर कागदावर म्हनलं काय? अंगनात म्हनलं. अंगनातलं अंगनातच धुवा लागते. त्यायले इथं या लागन."

"तो नाही आला तर?"

"तं शनवारी सकाळी टरक हाये. जाईन टोळी."

रुपाबाई दारात गाठोडं बांधत होती. तवा, परात, निताची पुस्तकं एका गोणीत. निता कोपऱ्यात बसून त्याच गोणीतून एक पुस्तक परत काढत होती, आई परत घालत होती. मी तिला टाकाचं सांगितलं. तिनं हातातली परात खाली ठेवली. मग विचारलं, "तं थे माय हाये आतमंदी?"

"आहे."

"मले वाटलं म्याच मारली तिले." आणि ती भिंतीला टेकून बसली. भाऊ, अख्ख्या गावानं तिला चोर म्हटलं त्याचं दुःख तिला होतंच. पण इतके दिवस ती आणखी एक गोष्ट उरावर घेऊन बसली होती, ते मला तेव्हा कळलं.

मग मी तिला तो प्रश्न विचारला. म्हटलं, रुपाबाई, देवघरात तू आपल्या मनानं गेली नाहीस, हे मी ओळखते. तुला आत कोणी पाठवलं ते अंगणात का नाही सांगितलंस? एका वाक्यात सुटली असतीस.

"सुटली असती ना," ती म्हणाली. "मंग त्या घरात काय झालं असतं? दादा लालेलाल झाले होते. ज्यानं धाडलं त्याले त्याच घरात राहा लागते, ताई. मले काय, मले तं बाहीरच्या बाहीर जाता येते."

"बाहेरच्या बाहेर म्हणजे उसाच्या फडात?"

"तुमी भांडासाठी आल्या का भेटासाठी?" तिनं विचारलं, आणि चहा ठेवला.

मी जन्मभर न्यायावर बोलत आले. न्याय मागताना आवाज चढतो, मूठ वळते, समोरचा दिसेनासा होतो. ही बाई स्वतःवर अन्याय होत असतानाही समोरच्याचं घर सांभाळत होती. मी तो चहा प्यायले आणि मला कशाचीच घोषणा करावीशी वाटली नाही.

आत कोणी पाठवलं ते मी लिहीत नाही. मी तसं वचन दिलंय. पण परवा, गुरुवारी, रात्री जेवणानंतर ते माणूस तुला स्वतः फोन करणार आहे. रोज देवासमोर बसून धीर गोळा करतंय. माझा फोन उचलू नकोस. तो उचल. आणि ओरडू नकोस, भाऊ. तू ओरडतोस म्हणून तर इतक्या गोष्टी या घरात पदराखाली राहिल्या.

शनिवारी सकाळी.

उज्ज्वला

*

वाशीम, ९ नोव्हेंबर

भाऊ,

काल तांड्यावर तू गूळ खाल्लास आणि मागे न बघता निघालास. पुण्याची गाडी होती असं वहिनी म्हणाली. गाडीला अवकाश होता हे तिलाही माहीत आणि मलाही. तुला रडताना कोणी पाहिलेलं चालत नाही, म्हणून गेलास. त्यामुळे पुढचं तुला ठाऊक नाही. ते सांगायचं आहे. पण आधी तू जे बोललास ते लिहून ठेवते. तुझ्या बोलण्याला व्यासपीठ नव्हतं, ध्वनिक्षेपक नव्हता; ट्रकचं इंजिन सुरू होतं आणि धरमसिंगांनी हात वर केल्यावर ते बंद झालं.

तू रात्रभर प्रवास करून आला होतास, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. वहिनी तुझ्या शेजारी उभी. आधी ती बोलली. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत. "म्याच धाडलं होतं रुपाबाईले देवघरात. माह्यानं गुडघ्यानं खाली बसवत नाई. अन् मंग यायच्या भेवानं चूप राह्यली." तू तिच्याकडे पाहिलं नाहीस, पण तुझा हात तिच्या कोपराला होता. तो मी पाहिला.

मग तू म्हणालास, "ह्या बाईले म्या चोर म्हनलं. थे खोटं होतं. अर्ज मांगं घेऊन आलो. माही माय हिनं नाई झिजवली. माह्या मायनंच माही माय झिजवली."

एवढंच. बोलायची माझी भूक जन्माची, भाऊ, पण त्या वाक्यानंतर मी एक शब्द जोडू शकले नसते. माझ्या आईला तू आयुष्यभर काकी म्हणालास. ती ऐकायला नव्हती. मी होते. मी ऐकलं.

नंतर तू खिशातून वहिनीनं दिलेला तो चांदीचा पत्रा काढलास आणि उन्हाला तिरपा धरून रुपाबाईपुढे केलास. ती मागे सरली. मग पुढे आली. तिनं मान जरा हलवली आणि जागच्या जागी थिजली. तिच्या मागून धनराज, नाईकांची सून, ट्रकवर चढलेल्या बाया खाली उतरून, पोरं कडेवर घेऊन, एकामागून एक. प्रत्येक जण एकदा डावीकडे झाला, एकदा उजवीकडे. सगळा तांडा तुझ्या मायसमोर असा डुलत होता. एक म्हातारी पुटपुटली, "मले पाहून राह्यली वं." तिच्या शेजारची म्हणाली, "हट, मले." धरमसिंग सगळ्यांत शेवटी उठले. पाहून झाल्यावर त्यांनी पागोटं नीट केलं, जसं एखाद्या घरच्या थोर बाईसमोर करतात.

मग गूळ. तंटा मिटला की दोघांनी एकाच हातचा गूळ खायचा, ही तांड्याची रीत. नाईकांनी तुला दिला, तू खाल्लास. त्याच हातानं रुपाबाईला दिला. तिनं मुठीत धरला. तू तोंड फिरवून चालायला लागलास तेव्हा तो तिच्या मुठीतच होता, हे तू पाहिलं नाहीस.

इथून पुढचं.

ती मुठीकडे पाहत उभी राहिली. ट्रकवाल्यानं हॉर्न मारला. मुकादम ओरडला, "चाला, बसा लवकर!" निता आईकडे पाहत होती, गोणीच्या तोंडावर हात ठेवून. मला वाटलं, नाही खाणार. तिला तो हक्क होता. तिच्या जागी मी असते तर फेकला असता आणि त्यावर भाषण केलं असतं.

तिनं गूळ तोंडात टाकला. चावला नाही, विरघळू दिला. मग धनराजला म्हणाली, "माहं गाठोडं उतरव. अन् पोरीची गोनी पयले."

 धनराज ट्रकवर चढला, गोणी खाली दिली, मग गाठोडं. तो स्वतः मात्र गेला. टोळीला त्याचा शब्द होता. निता गोणी ओढत घरात गेली ती बाहेर आलीच नाही. आतून पुस्तकं मांडल्याचा आवाज येत होता.

वहिनी तोवर तिच्याजवळ गेली होती. "सोमवारपासून ये मंग," म्हणाली.

"नाई बाई," रुपाबाई म्हणाली. रागानं नाही. "बाकीच्याइकडं जाईन. तुमच्या घरी नाई येत. देवघरात थे माय माह्याकडं पाहीन अन् माहा हात चालनार नाई."

वहिनीला वाईट वाटलं. मला वाटलं नाही. तुझ्या माफीनं तिचं नाव परत मिळालं. पण त्या नावाचं काय करायचं ते ठरवायला तू लागत नाहीस. हे लिहिताना माझा आवाज चढलेला नाही, भाऊ. मला आश्चर्य वाटतंय, एवढंच. ही बाई आम्ही सगळे उभे होतो त्याच अंगणात उभी होती, आणि तिच्या पायाखालची जमीन आमच्यापेक्षा घट्ट होती.

ट्रक गेला. धूळ खाली बसली. रुपाबाईनं चूळ भरली, पदर खोचला आणि मला विचारलं, "ताई, अनसिंगात पयले कोनाच्या दारात जाऊ कामाचं इचाराले?"

मी म्हटलं, "ज्यानं तुला पहिल्यांदा दार लावलं, त्याच्या."

ती हसली. "सगळ्याइनं संगच लावलं होतं ना, ताई. मंग कसं करता?"

"मग सगळ्यांच्याच."

"चाला मंग," ती म्हणाली. "पन तुमी बोलाचं नाई. म्या बोलीन."

मी गेले, भाऊ. दारोदार तिच्या मागे उभी राहिले आणि तोंड उघडलं नाही.

तुझी,
उज्ज्वला